हाफ्याच्या टेकडीचा खटला

वकील शोधायला यामना टेकडी उतरली तेव्हा तिच्या जेलाब्याच्या बाह्यांना लोकरीचं तेल लागलेलं होतं. कपडे बदलण्याइतका धीर तिच्यात नव्हता. सकाळीच मोहल्ल्याचा मुकद्दम दारोदार फिरून सांगून गेला होता की हाफ्याची वस्ती रिकामी करायची आहे. सगळी टेकडी म्हणे हाज्ज बुझियान या ठेकेदाराची. फ्रेंचांच्या वेळचा कागद आहे त्याच्याकडे. वरून नदी छान दिसते, तेव्हा तिथं त्याला बंगले बांधायचेत.

तिझ्रा शहरात वकिलांना तोटा नव्हता. पहिल्याने तिला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्याने हाज्जचं नाव ऐकलं आणि त्याला अचानक खोकला सुटला. तिसरा हाज्जचाच वकील निघाला. शेवटी ती खोगीरवाल्याच्या दुकानावरचा लाकडी जिना चढली. वरच्या खोलीत एक काटकुळा तरुण बिसाराच्या घट्ट आमटीत भाकरी बुडवून खात होता. त्याचं नाव महजूब तसूली. सनद मिळून त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

"बसा, लाल्ला," तो तिला मानाने म्हणाला. "मी जेवतोय म्हणून थांबू नका. बोला."

त्याचा आवाज इतका हळू होता की यामनाला खुर्ची पुढे ओढावी लागली. तिने सगळं सांगितलं. नवरा रंगारी होता, तो गेला; पदरात एक पोरगी आहे; ती मागावर घोंगड्या विणते; आजेसासऱ्यापासून सगळे तिथंच राहत आलेत; हाज्जला टेकडीवर कधी कुणी पाहिलेलंसुद्धा नाही. तो ऐकत राहिला. हा वकील मंद आहे की काय, अशी शंका तिला यायला लागली होती, तेवढ्यात त्याने एकच प्रश्न विचारला.

"पाणी कुठून आणता तुम्ही?"

"आणतो कशाला? घरोघरी विहीर आहे. बापजाद्यांनी खणलेली."

महजूबने भाकरी खाली ठेवली.

खटला उभा राहिला त्या दिवशी अख्खी वस्ती कोर्टात जाऊन बसली. हाज्जचा वकील तासभर कडाडला. मग महजूब उठला आणि त्या हळू आवाजात बोलायला लागला. आधी मागच्या लोकांनी गलका केला, काहीच ऐकू येईना म्हणून. मग एकमेकांना गप्प करत करत सगळं कोर्ट असं शांत झालं की बाहेर कुणीतरी गाढवाला हाकत होतं तेही ऐकू यावं. न्यायाधीश पुढे झुकले होते. कारकुनाने लिहिणं थांबवलं होतं.

"कागदावर नाव घालायला एक दुपार पुरते," महजूब म्हणाला. "विहीर खणायला पिढी जाते. साहेब, ही माणसं या टेकडीवर नुसती राहत नाहीत. त्यांनी तिच्या पोटात हात घालून पाणी काढलंय. तुम्ही स्वतः वर चला, पाहणी करा. कुठल्याही घरात शिरा आणि पाणी मागा. मग सांगा टेकडी कुणाची."

न्यायाधीश खरोखरच वर आले. धापा टाकत, घाम पुसत आले. यामनाच्या अंगणात बसून तिच्या विहिरीचं पाणी प्याले, दुसऱ्यांदा मागून प्याले. निकाल लागला तेव्हा वस्तीतल्या बायकांनी अशी किलकारी केली की शिपायाने दारं लावून घेतली. यामना मात्र त्या काटकुळ्या माणसाकडे बघत राहिली. कागद हातात नसताना नुसत्या बोलण्याने त्याने एक टेकडी उचलून त्यांच्या पदरात टाकली होती. माणसाला असं काही करता येतं, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. घरी येऊन माग चालवताना ती त्याचं ते भाषण पुटपुटत राहायची. होता होता तिला ते तोंडपाठ झालं.

पुढे काही वर्षांनी महजूब नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. यामनाने प्रचारात स्वतःला झोकून दिलं. हाफ्यावरचा खाटीक बुश्ता, ज्याला कशातही खोट काढल्याशिवाय चैन पडायचं नाही, तिला म्हणायचा, "अगं, हा सभेत बोलला तर पहिली रांग सोडून ऐकू कुणाला येणार?"

"तुला काय त्याचं? तू पहिल्या रांगेत बस."

"बसेन की. एक बरं आहे, खोटं बोलला तरी फार लांब जाणार नाही."

तो निवडून आला आणि महापौर झाला. शहराने महापौर पाहिले होते. पण हा वेगळा होता. खालच्या गावातलं उघडं गटार बुजवायला सगळ्यांना वाटलं होतं त्याहून दुप्पट वेळ त्याला लागला, कारण तो प्रत्येक दुकानदाराशी बोलत बसायचा. पण बुजलं ते कायमचं. नदीकाठचा कत्तलखाना हलवायचं त्याने ठरवलं तेव्हा बुश्तासकट सगळे खाटीक नगरपालिकेवर चालून गेले, आणि दुपारी त्याच्याबरोबर चहा पिऊन परत आले. "काय झालं रे?" लोकांनी विचारलं. बुश्ता म्हणाला, "कळलं नाही. आम्ही ओरडत होतो, तो ऐकत होता. मग आमचं ओरडणं संपलं आणि त्याचं ऐकणं संपलं नाही." हाफ्याच्या वाटेला पायऱ्या झाल्या, दिवे लागले. दिवे लागले त्या संध्याकाळी यामना पायऱ्यांवर बसून खालचं शहर बघत राहिली. तिला वाटलं, या माणसाला आपण खोगीरवाल्याच्या माडीवर बिसारा खाताना पाहिलंय, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. शेतं करपली, मेंढ्या कवडीमोलाने विकल्या गेल्या. हाफ्याच्या विहिरी तळाला गेल्या, तरी आटल्या मात्र नाहीत. ती त्या वस्तीची शान होती. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात जो पाऊस लागला तो थांबेचना. लोकांनी आधी नमाजात आभार मानले, मग आकाशाकडे बघणं सोडून दिलं. विहिरींचं पाणी इतकं वर आलं की बादलीला दोर लागेना. बायका हात घालून घागरी भरायला लागल्या.

राजधानीहून शामा नावाची एक इंजिनिअर बाई आली. तरुण, बुटांना चिखल लागलेली, कुणाशी फार न बोलणारी. मशिदीच्या भिंतीला, फरसबंदीला, जिथं बारीक तडे दिसत होते तिथं तिने सिमेंटमध्ये काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. बुश्ताने तिला विचारलं, "बाई, टेकडीला चष्मा लावताय का?" ती हसली नाही. आठवड्याभरात सगळ्या पट्ट्या तडकल्या; तडे रुंदावत होते.

तिने गव्हर्नरला आणि महापौराला काय सांगितलं, ते नंतर सगळ्या शहराला कळलं. टेकडीच्या पोटात चिकणमातीचा थर होता. वर्षानुवर्षं वाळून तो भेगाळला, आणि आता त्या भेगांत पाणी शिरून त्याचं लोणी झालं होतं. टेकडी बसायला लागली होती. कधी घसरेल ते सांगता येत नव्हतं. घसरणार हे नक्की होतं. गव्हर्नर म्हणाला, मखजनी शिपाई पाठवतो, काठ्या घेऊन, दुपारपर्यंत वस्ती मोकळी. महजूब म्हणाला, "काठीने उतरवलेली माणसं पाठ फिरली की परत चढतात. मला बोलू द्या त्यांच्याशी." गव्हर्नर म्हणाला, "आणि तुझं बोलून होण्याआधी टेकडी पडली तर?" तरी गव्हर्नरने त्याला थोडी मुदत दिली.

तो यामनाच्या घरी आला तेव्हा ती मागावर होती. त्याने ओला जेलाबा काढून दाराशी टांगला आणि जमिनीवरच्या चटईवर बसला. तिने चहा ठेवला. पुदिना धुताना तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की काहीतरी वाईट आहे.

"बोला, उस्ताद."

"तुम्हाला इथून जावं लागेल, लाल्ला यामना. सगळ्यांना."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा सांगितलं. माती, पाणी, काचा. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांसमोर सकाळी दारोदार फिरणारा तो जुना मुकद्दम उभा राहिला.

"हाज्ज बुझियानने किती दिले तुला?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्याला ती पहिल्यांदा अरेतुरे करत होती.

महजूबने मान वर केली नाही. "हे तुम्ही विचारणार, हे मला वाटेत येतानाच माहीत होतं," तो म्हणाला.

"मग आलास कशाला? आमच्या विहिरींच्या जोरावर तू खटला जिंकलास. त्याच विहिरींच्या पाण्याने आता टेकडी पडणार म्हणतोस? मग तेव्हा खरं बोललास की आता?"

"दोन्ही वेळा."

"वकील आहेस खरा."

"वकील आहे म्हणूनच एक मागतो. मला तुमच्यावर हुकूम सोडायचा नाही. मशिदीच्या पटांगणात सुनावणी घेऊ. मशिदीचे फकीह सी अल्लाल न्यायाधीश होतील. मी माझी बाजू मांडतो. आणि माझ्या विरुद्ध बाजूने तुम्ही बोला."

"मी? मला अलिफचं अक्षरसुद्धा ओळखता येत नाही."

"पण माझं भाषण तुम्हाला पाठ आहे. मागावर बसून म्हणता ते. अख्ख्या हाफ्याला ठाऊक आहे."

चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "तू हरलास तर?"

"हरलो तर मखजनींना वर येऊ देणार नाही. पायथ्याशी मी स्वतः आडवा होईन."

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला होता. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर सगळी वस्ती पटांगणात जमली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पोरं भिंतीवर. म्हातारे फकीह सी अल्लाल मेंढीच्या कातड्यावर बसले. आयुष्यात त्यांनी फार तर शेजाऱ्यांची भांडणं सोडवली होती. ते सारखी दाढी कुरवाळत होते. मीनारावर करकोच्यांचं घरटं होतं, त्यातली जोडी चोची वाजवत होती.

महजूब आधी बोलला. त्याच हळू आवाजात, त्याच पद्धतीने. टेकडीच्या पोटात काय चाललंय ते त्याने लोण्याचा आणि रव्याचा दाखला देऊन समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं. पण यामनाला दिसत होतं की त्यांचे चेहरे बंद आहेत.

मग ती उठली. तिने पदरासारखा ओढलेला हायेक मुठीत घट्ट धरला आणि महजूबकडे बोट केलं.

"कागदावर नाव घालायला एक दुपार पुरते," ती म्हणाली, "विहीर खणायला पिढी जाते. हे मी म्हणत नाही, हा माणूस म्हणालाय. कोर्टात, न्यायाधीशाच्या तोंडावर. ही माणसं या टेकडीवर नुसती राहत नाहीत, असं म्हणालास ना तू? आमच्या बापजाद्यांनी हिच्या पोटात हात घातला तेव्हा टेकडी पडली नाही. भूकंप झाला तेव्हा पडली नाही. आज बंगले बांधायचे म्हणून पडणार? एकदा खाली उतरलो की आम्हाला परत कोण चढू देईल? तू आज महापौर आहेस. उद्या दुसरा येईल. त्याला आमच्या विहिरीचं पाणी माहीत असेल?"

ती बोलत गेली. आवाज मोठा होत गेला. तिला स्वतःलाच कळेना, हे शब्द कुठून येतायत. पटांगण तिच्या बाजूने हललं. बायका रडायला लागल्या. बुश्ता ओरडला, "उस्ताद, ही तर तुमच्यापेक्षा भारी निघाली." आणि सगळे हसले, महजूबसुद्धा हसला. फकीहांनी दाढी सोडली आणि ते म्हणाले, "मला वाटतं, पोरा, बाईंचं म्हणणं जड आहे."

"मलाही तसंच वाटतं," महजूब म्हणाला. "शब्दांत मी हरलो. पण कायद्याप्रमाणे पाहणी राहिली. गेल्या वेळी न्यायाधीश पाहणीला आले होते. या वेळी पाहणी तुम्हीच करायची. मी कुणाच्या घरात शिरणार नाही. फक्त एक विचारतो. तुमच्यापैकी कुणाकुणाचं दार हल्ली नीट लागत नाही?"

भिंतीवरची पोरं आपापल्या आईबापांकडे बघायला लागली.

यामनाचं दार लागत नव्हतं. पंधरवड्यापासून चौकटीत अडत होतं. तिला वाटलं होतं, पावसाने लाकूड फुगलंय. तिने सुताराचा रंधा आणून खालची कड तासली होती. दोन दिवसांनी परत अडलं, तेव्हा तिने आणखी तासली. आणि हे करताना शेजारणीला दिसू नये म्हणून आडोसा केला होता. का केला होता, ते तिला आत्ता कळत होतं. तिने आजूबाजूला पाहिलं. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकजण आपल्या पायाशी बघत होता.

ती बोलली नाही, तर खटला तिने जिंकलेलाच होता. फकीहांनी तसा निकाल दिलाच होता. महजूबने शब्द पाळला असता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. हात मागे बांधून तो मीनाराकडे बघत उभा होता, जणू उत्तराची त्याला घाई नव्हती.

"माझं," यामना म्हणाली.

तिचा आवाज या वेळी त्याच्यासारखाच हळू होता. "माझं दार लागत नाही. मी दोनदा तासलं."

मग बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "आमचंही." मग भट्टीवाला म्हणाला, भट्टीची कमान बसलीय, तो रोज मातीने लिंपतो. एकाची भिंत फुगली होती, तिच्यासमोर त्याने कणगी उभी करून ठेवली होती. एकेक जण उठत गेला. शेवटी बुश्ता उठला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. "माझ्या उंबऱ्याखालून हात आत जातो," तो म्हणाला. "मी तिथं रग टाकलाय."

फकीह सी अल्लाल हातांवर जोर देत उठले. "मशिदीचं दार मी स्वतः दोरीने बांधून लावतो," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळपासून हाफा उतरायला लागला. गाढवांवर गाद्या, डोक्यावर परड्या, कडेवर पोरं. यामनाने मागावरची अर्धी घोंगडी तशीच कापून घेतली. महजूबने नगरपालिकेची इमारत उघडली. ज्या दिवाणखान्यात मंत्री आले की गालिचे अंथरायचे, तिथं चुली नसल्या तरी अंथरुणं पडली. शाळा उघडली. आपलं घर उघडलं. त्याच्या बायकोने पहिल्या दिवशी भिंतीएवढ्या हंड्यात हरीऱ्याचं सूप केलं. टेकडीवरचा त्यांचा हक्क कायम आहे, असा ठराव त्याने सभेत मंजूर करून घेतला आणि तो चौकात मोठ्याने वाचून दाखवायला लावला.

आणि मग पाऊस थांबला.

स्वच्छ ऊन पडलं. बदामाला फुलं आली. टेकडी होती तशीच उभी राहिली. दिवसामागून दिवस गेले. नगरपालिकेत पोरं आजारी पडायला लागली, न्हाणीपुढच्या रांगेत बायका भांडायला लागल्या. कॉफीहाउसात लोक महापौराला हसू लागले. हाज्ज बुझियान तर म्हणाला म्हणे, जे मला कोर्टात जमलं नाही ते माझ्या शत्रूने फुकट करून दिलं. वस्तीतले काहीजण सामान गुंडाळून परत निघाले.

महजूबने पायथ्याशी, पहिल्या पायरीजवळ, कॉफीहाउसातली एक खुर्ची आणून टाकली. सकाळी तो तिथं येऊन बसायचा आणि कागदपत्रांवर तिथंच सह्या करायचा. वर जायला निघालेल्याला तो अडवायचा नाही. फक्त म्हणायचा, "बसा थोडं. का निघालात ते सांगा." यामना त्याच्या शेजारी जमिनीवर बसून सूत कातायची. तिच्या मनात शंका येत नव्हती असं नाही; ऊन बघून तिलाही वर जावंसं वाटायचं. पण हा माणूस सगळ्या शहराचं हसं अंगावर घेऊन इथं खुर्चीवर बसून राहतो, हे बघितलं की तिला उठून जाववत नव्हतं.

ज्या सकाळी ते झालं त्या सकाळी बुश्ता वर जायला आला होता. त्याचा एडका वरच्या गोठ्यात राहिला होता आणि तो आणायचाच, असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं.

"बसा थोडं, बुश्ता."

"नाही बसत. तुम्ही बसवता आणि दिवस जातो."

"एडका मी उद्या आणवतो."

"उद्या, उद्या. तुमच्या उद्याला शेपूट फार लांब आहे. कत्तलखान्याच्या वेळीही असंच बसवलंत मला."

"मग त्यात तुमचं वाईट झालं का?"

"वाईट झालं असं कोण म्हणतंय? पण मी हो म्हणालोच नव्हतो, ते सांगतोय मी..."

तो असा भांडत असतानाच यामनाला करकोचे दिसले. जोडी मीनारावरून उठली आणि न ओरडता नदीकडे गेली. मग एक आवाज आला. गडगडाट नव्हता तो. कुणीतरी एखादं प्रचंड पोतं तोंड सोडून ओतावं, तसा सलग, जाड आवाज. वरच्या अंगाची बदामाची झाडं चालायला लागली. उभीच्या उभी, सरळ, एकमेकांशेजारून, जणू त्यांना कुणी बोलावलं होतं. त्यांच्या मागोमाग घरं निघाली. मीनार बराच वेळ ताठ राहिला, टेकडीबरोबर सरकत आला, आणि मग गुडघे टेकावेत तसा खाली बसला. धूळ उडाली नाही. सगळं ओलं होतं. पायऱ्या मधूनच तुटल्या. माती शहराच्या बाजूला न येता नदीत गेली आणि नदीचा आवाज बंद झाला.

शहरभर छपरांवर माणसं आवाजाने धावत आली होती, ती हळूहळू खाली बसली. यामनाने आपलं घर शोधलं. जिथं घर होतं तिथं तांबडी, चकचकीत माती होती आणि तिच्यात एका विहिरीचं गोल तोंड उघडं पडून आकाशाकडे बघत होतं. तिला आधी भीती वाटली नाही, दुःखही झालं नाही. इतकं मोठं काही असतं आणि ते आपल्या पायाखाली इतकी वर्षं गप्प पडून होतं, एवढंच तिच्या मनात आलं.

बुश्ताचा एक पाय पायरीवर होता. तो काढून त्याने जमिनीवर ठेवला. मग महजूबकडे बघून तो पहिल्यांदाच न सांगता खाली बसला.

महजूब खुर्चीतून उठला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "वर कुणी आहे का?" तो विचारत होता. "वर कुणी होतं का?" घराघराची नावं घेऊन मोजणी झाली. कुणी नव्हतं. एक एडका तेवढा गेला. हे पक्कं झालं तेव्हा महजूब भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ वळला नाही. यामना त्याच्याजवळ गेली. मागावर बसून इतकी वर्षं त्याचे शब्द म्हणत आलेल्या बाईकडे त्याच्यासाठी एक शब्द नव्हता. तिने त्याच्या खांद्याला लागलेला भिंतीचा चुना झटकला, इतकंच.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. बाजाराजवळच्या मोकळ्या जागेवर त्याने हाफ्यासाठी नवी वस्ती उभी करायला घेतली आणि तिथं गुरांचा बाजार भरवणारे व्यापारी त्याच्यावर खवळले. घरं पुरी व्हायच्या आत निवडणूक आली आणि तो पडला. ज्या शहराने त्याच्यामुळे एवढी माणसं जिवंत पाहिली त्याच शहराने त्याला पाडलं, हे यामनाला कधीच पटलं नाही. तो मात्र दुसऱ्याच दिवशी खोगीरवाल्याच्या दुकानावर जाऊन आपली जुनी खोली झाडत होता.

बरं झालं ते, कारण हाज्ज बुझियान परत कोर्टात गेला. वस्ती उरली नाही, तेव्हा टेकडी आता माझी, असं त्याचं म्हणणं. महजूब पुन्हा वकील म्हणून उभा राहिला. या वेळी त्याने न्यायाधीशाला पाणी पाजलं नाही. तो म्हणाला, टेकडी सोडायला नव्हे, माणसं वाचवायला ही वस्ती उतरली. जीव वाचवला म्हणून कुणाचा हक्क जात असेल, तर यापुढे धोक्याच्या घरातून कुणीही बाहेर पडणार नाही. कोर्टाने टेकडी हाफ्यावाल्यांना दिली. तिथं घर बांधायला मनाई आहे, झाड लावायला नाही. शामा बाईंनीच सांगितलं, ऑलिव्ह लावा, मुळं माती धरतात.

काही वर्षांनी महजूबला राजधानीत बोलावणं आलं. सरकारी कचेऱ्यांविरुद्ध सामान्य माणसाच्या तक्रारी ऐकायच्या, असं एक मोठं पद त्याला मिळालं. टीव्हीवर तो दिसला की यामना पोरीला सांगायची, आवाज वाढव. पोर म्हणायची, आई, वाढवलेलाच आहे.

दर वर्षी ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत तो तिझ्राला येतो. यंदाही आला. सरकारी गाडी नदीपलीकडे ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो टेकडी चढला. त्याचे केस आता पांढरे झालेत. त्याने काठी घेतली आणि फांद्या झोडायला लागला. झाडाखाली चादरी अंथरून बायका बसल्या होत्या.

"महामहिम," बुश्ता खालून ओरडला, "फळं पाडायचीत, झाडाला शिक्षा नाही करायची. काठी सैल धरा."

"अशी?"

"तशी नाही. राजधानीत हेच शिकवतात का तुम्हाला?"

महजूबने काठी सैल धरली. यामना चादरीवरची पानं निवडत होती. तिचे डोळे आता अधू झालेत, गुडघे वळत नाहीत, पण ती दर वर्षी येते. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. फांद्यांमधून ऊन येत होतं आणि तो घामाघूम होऊन, जीभ दाताखाली धरून, एकेक फांदी मन लावून झोडत होता. त्याच्या पायाखाली ती सगळी टेकडी होती. या एवढ्याशा माणसात ते सगळं कुठं मावलं असेल, असं तिला कितीदा तरी वाटलं होतं, आणि आजही वाटलं.

"उस्ताद," तिने हाक मारली, "भाकरी गरम आहे तोवर या. मग झोडा."

तो काठी टेकून खाली उतरला आणि तिच्याजवळ चादरीच्या कडेला बसला.